वर्गणीपुरते लोक, सहीपुरती सभा

शाळा व्यवस्थापन समितीचे प्रोसिडिंग बुक हा जिल्हा परिषदेच्या शाळेतला सर्वांत कमी वाचला जाणारा दस्तऐवज असावा. त्याची घडण ठरलेली असते. विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग पोषण आहार, गणवेश, पटनोंदणी, स्वच्छता, एखादे वृक्षारोपण आणि शेवटी ‘ऐनवेळी येणारे विषय’. प्रत्येक विषयाखाली सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’. त्याखाली सह्यांची रांग, त्यात दोन-चार अंगठे. कुणी हिशेब विचारला, कुणी आक्षेप घेतला, कुणी ‘हे पुढच्या सभेपर्यंत राहू द्या’ म्हणाले, असे क्वचितच त्यात उतरते. एवढे एकमत गावाच्या पाणीवाटपात नसते, देवळाच्या जीर्णोद्धारात नसते, तंटामुक्ती समितीत तर नसतेच. शाळेच्या वहीतच ते कुठून येते, हा प्रश्न धाराशिवसारख्या जिल्ह्यात नुसत्या कुतूहलाचा नाही. इथल्या खेड्यांतल्या, तांड्यांवरच्या गरीब घरांचा मुलांच्या शिक्षणाबाबतचा सगळा भरवसा याच शाळेवर आहे, आणि तिच्या कारभारात शब्द टाकायची त्यांच्यासाठी कायद्याने केलेली जागा म्हणजे ही मासिक सभा.

यावर ठरलेले उत्तर असे, की पालकांना रसच नाही. बोलावले तरी येत नाहीत, आले तरी बोलत नाहीत, सही करून शेताकडे जातात. यातले निरीक्षण बरेचसे खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. कारण हेच पालक शाळेसाठी खिशात हात घालतात. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर राज्यभर गावोगावच्या शाळा रंगल्या, भिंतींवर पाढे आणि नकाशे आले, वर्गात टीव्ही संच आणि संगणक आले. त्यातला मोठा वाटा लोकवर्गणीचा होता. दुष्काळी पट्ट्यातल्या गावांनीही पैसे जमवले. ज्यांना शाळेत रस नाही ती माणसे असे करत नाहीत. पैसे देताना दिसणारी ही माणसे सभेत का दिसत नाहीत, याचे माझ्या मते सरळ उत्तर असे : वर्गणी मागताना त्यांच्यापुढे खरा विषय असतो, सभेत तो नसतो. ठरवण्यासारखे काही उरलेले नसताना भरवलेल्या सभेला माणूस येत नाही, आणि यात त्याचे शहाणपणच दिसते. ज्याच्या हातात रोजंदारी आहे त्याने अर्धा दिवस मोडून दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टीवर सही करायला का यावे?

कायद्याने ठरवण्यासारखे बरेच दिले आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक, निम्म्या महिला, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात ही समिती १२ ते १६ जणांची असते. पालक सदस्य पालकसभेतून निवडायचे, अध्यक्ष पालकांमधूनच, मुख्याध्यापक सदस्य सचिव, दर महिन्याला एक बैठक, दर दोन वर्षांनी नवी समिती. ग्रामपंचायतीचा निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक, एक शिक्षणतज्ज्ञ हे उरलेल्या जागांवर. कामे स्पष्ट लिहिलेली आहेत : शाळेच्या कामकाजावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा तयार करणे. या आराखड्याबद्दल कलम २२ जे म्हणते ते बहुतेक पालकांपर्यंत कधी पोचतच नाही. शासन किंवा स्थानिक प्राधिकरण शाळेसाठी ज्या योजना आखेल आणि जे अनुदान देईल, त्यांचा आधार हा आराखडाच असेल, असे ते कलम सांगते. गावाने लिहावे आणि वरून त्याप्रमाणे पैसे यावेत, इतकी ती कल्पना धीट आहे.

प्रत्यक्षात पैसा उलट्या दिशेने ठरतो. समग्र शिक्षा योजनेत शाळेला मिळणारे संयुक्त अनुदान पटावर बेतलेले आहे. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत असेल तर २५ हजार. त्यातही किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. आराखड्यात गावाने मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी हवे असे लिहिले काय किंवा पत्र्याच्या खोलीला छत हवे असे लिहिले काय, आकडा हलत नाही. मग आराखडा हा भरून द्यायचा एक तक्ता होऊन बसतो, गेल्या वर्षीचा पुढच्या वर्षी उतरवला तरी चालणारा. उरलेल्या रकमेत वीजबिल, खडू, कागद, किरकोळ दुरुस्ती. तीही रक्कम आर्थिक वर्ष सरत आल्यावर हाती आली तर मार्चअखेर खर्च दाखवायची घाई, आणि अध्यक्षाची सही तेवढी बाकी. सहीपुरता अध्यक्ष हा गावागावांत थट्टेचा विषय असतो. पण ती थट्टा त्या माणसावर करण्यात अर्थ नाही. एरवी त्याच्या सहीला काही अर्थ उरेल अशी व्यवस्थाच नसेल तर त्याने करावे तरी काय? तरीही २५ हजार ही रक्कम लहान शाळेत अगदीच क्षुल्लक नसते. ती नळावर लावायची की विजेवर, हे पंधरा माणसांनी अर्धा तास भांडून ठरवावे इतकी ती नक्कीच आहे. अट एकच, रक्कम किती आणि ती कधी येणार हे सभेच्या आधी माहीत असायला हवे.

खरा विषय हातात असला की काय होते आणि काढून घेतला की काय होते, हे गणवेशाच्या प्रकरणात राज्याने पाहिले आहे. गणवेशाची खरेदी पूर्वी समितीकडे होती. एका गणवेशाला ३०० रुपये. गावातला किंवा जवळच्या बाजारपेठेतला शिंपी मुलांची मापे घ्यायचा, कापड हलके निघाले तर आई त्याच्या दुकानात जाऊन बोलायची. २०२४-२५ या वर्षासाठी शासनाने एक राज्य, एक गणवेश असे धोरण घेतले. कापड राज्य पातळीवर खरेदी झाले आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. स्वस्ताई आणि एकसारखेपणा हा त्यामागचा हेतू वाईट नव्हता. पण स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नाहीत, पोचले ते अनेक ठिकाणी मापात बसले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून अधिकार पुन्हा समित्यांकडे दिले. या घटनेवरून समित्या सगळीकडे प्रामाणिक असतात असे सिद्ध होत नाही. शिंप्याकडून टक्केवारी घेणारे अध्यक्षही असतील. पण अशी टक्केवारी गावात लपत नाही, शंभर घरांत त्याची चर्चा होते आणि दोन वर्षांनी समिती बदलते. राज्य पातळीवरच्या निविदेत माप चुकले तर तिसरीतल्या मुलीच्या आईने जायचे कुठे?

लोकांच्या हाती शाळेचा कारभार देण्याची सवय महाराष्ट्राच्या सगळ्या भागांत सारखी रुजली नाही, आणि धाराशिवचा विचार करताना हे विसरता येत नाही. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे आला. जिल्हा स्कूल बोर्ड, त्याच्या निवडणुका, त्यातली भांडणे यांत पश्चिम महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या घडल्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ती बोर्डे त्यांत विरली. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तिथे मराठी मुलांना वरच्या वर्गांत उर्दूतून शिकावे लागे, आणि गश्ती निशाण ५३ प्रमाणे सभा भरवायलाच सरकारची परवानगी लागे. शाळेच्या कारभाराची सभा तर दूरच. या वातावरणात १९२१ साली आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. सरकारी मदतीवाचून, लोकांच्या आधारावर चाललेल्या या शाळेत पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले. म्हणजे या भागातल्या लोकांना शाळा उभी करण्याची परंपरा आहे, सत्तेच्या डोळ्यांदेखत उभी करण्याची आहे. सरकारी शाळेला जाब विचारण्याची मात्र नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर जी शाळा आली ती सरकारची म्हणून आली, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याची आणि मग मुंबईची. शाळा ‘त्यांची’ आणि वर्गणी ‘आपली’ ही विभागणी त्या इतिहासातून आली असे म्हणायला जागा आहे.

मात्र इतिहासाने हात बांधले आहेत असा सूर लावायचे कारण नाही, कारण याच जिल्ह्याने उलटे उदाहरणही दाखवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त केली. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून मोठा आणि कमी चर्चेतला भाग होता तो हजाराहून अधिक गावांतल्या घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा. तिथे पैसे घरमालकाच्या हाती देण्याचा मार्ग निवडला गेला. मार्गदर्शनासाठी अभियंता आणि गावाशी बोलण्यासाठी महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने हे काम उभे केले. ज्या बायकांनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती त्या सिमेंटच्या गोण्या मोजू लागल्या, कोपऱ्यातला दगड सांधला की नाही ते पाहू लागल्या, तालुक्याला जाऊन हप्ता का अडला ते विचारू लागल्या. त्यांना आधी कुणी लोकशाहीचे धडे दिले नव्हते. घर त्यांचे होते, पैसा मोजता येत होता आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे समोरच्याचे काम होते. या तीन गोष्टी शाळेच्या सभेत आणता आल्या तर हजेरीचा प्रश्न पुष्कळसा सुटेल.

आता सभेच्या वेळापत्रकाकडे पाहू, कारण इथे जिल्ह्याचे वास्तव आणि नियमाचा कागद एकमेकांना भेटतच नाहीत. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि कुटुंब पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर पोचते. परत यायला होळी-पाडवा उजाडतो. म्हणजे शैक्षणिक वर्षाचा मधला अर्धा भाग ही माणसे गावात नसतात. तीन-चतुर्थांश पालकांच्या समितीची मासिक सभा या काळात कशी होत असेल? होते, कारण व्हायलाच हवी असते. प्रोसिडिंग बुकात तिची नोंदही असते. आता आराखड्याचे पाहा. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे तो समिती स्थापन झालेले आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार हवा, म्हणजे डिसेंबरअखेर. ज्यांच्या मुलांची शाळा सर्वांत जास्त सुटते, ज्यांना शाळेकडून सर्वांत जास्त हवे आहे, ते आई-बाप नेमके तेव्हा फडावर असतात. त्यांच्या गैरहजेरीला ‘पालकांची उदासीनता’ म्हणणे हे जरा अतीच झाले.

गंमत अशी, की याच ऊसतोडीच्या प्रश्नात समितीला कायद्याबाहेरचे एक मोठे काम मिळाले आहे, आणि ते काम ती करू शकते असे दिसते. आई-बाप गेले तरी मूल गावात राहावे म्हणून जी हंगामी वसतिगृहे चालतात ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच. मूल रात्री आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे झोपते, दोन्ही वेळचे जेवण शाळेत होते. कुठल्या घरातले कोण जाणार, कोणते मूल मागे ठेवता येईल, म्हातारीला ते झेपेल का, वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आई का कचरते, ही माहिती शाळांची आकडेवारी भरायच्या कोणत्याही यू-डायसच्या फॉर्मात नसते. ती गल्लीतल्या बाईला असते. मंजुरी वेळेत आली, गाडी निघण्याआधी आली, तर समिती मुले थांबवू शकते. उशिरा आली तर मुले आई-बापांबरोबर गेलेली असतात आणि वसतिगृह कागदावर सुरू होते. इथे समितीच्या क्षमतेपेक्षा तालुक्याच्या कार्यालयाच्या तारखा निर्णायक ठरतात. आणखी एक सोय कायद्यातच पडून आहे. कायद्याच्या व्याख्येत ‘पालक’ म्हणजे मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे आहे तो. नोव्हेंबर ते मार्च हा सांभाळ ज्या आजीकडे असतो ती समितीची सदस्य होऊ शकते. ऊसतोडीच्या गावांत समिती निवडताना निदान काही जागा अशा मागे राहणाऱ्या पालकांना दिल्या तर हिवाळ्यातली सभा खोटी ठरणार नाही.

समित्यांवर अशी भिस्त ठेवण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप अभ्यासकांचा आहे. समित्यांना माहिती दिली, प्रशिक्षण दिले, तरी शाळा सुधारत नाहीत असे पुराव्याने दाखवले गेले आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत नेहमी पुढे केला जातो. तिथे बहुतेक पालकांना गावात शिक्षण समिती आहे हेच ठाऊक नव्हते, आणि समितीवरच्या काहींना आपण तिचे सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. गावसभा घेऊन अधिकार समजावून सांगितले, मुलांना वाचता येत नाही हे पालकांना दाखवून दिले, तरी समित्या हलल्या नाहीत आणि शाळा बदलल्या नाहीत. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग सांगताना बरेच जण थांबतात. काही गावांत तरुणांना मुलांचे वाचनवर्ग घ्यायला शिकवले गेले. तिथे स्वयंसेवक पुढे आले, वर्ग चालले आणि त्या वर्गांना गेलेल्या मुलांचे वाचन सुधारले. म्हणजे त्याच जिल्ह्यातल्या त्याच प्रकारच्या गावांत, करायला ठोस काम मिळाले तेव्हा माणसे आली. नुसते ‘देखरेख करा’ म्हटले तेव्हा आली नाहीत. दूरच्या इंडोनेशियात जावा बेटावर समित्यांवर झालेला प्रयोग याला आणखी एक पदर जोडतो. तिथे समित्यांना अनुदान दिले, प्रशिक्षण दिले, त्याने मुलांच्या शिकण्यात फारसा फरक पडला नाही. समिती रीतसर निवडणुकीने आली आणि तिची ग्रामपरिषदेशी सांगड घातली गेली तिथे फरक पडला. समितीच्या मागे गावाचे वजन उभे राहिल्याशिवाय तिचे कुणी ऐकत नाही, इतकाच त्याचा अर्थ मी घेतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो दबक्या आवाजात केला जातो म्हणून हलका मानू नये. गावचे राजकारण शाळेत शिरेल. सरपंचाचा गट आणि विरोधी गट समितीवर कब्जा करायला पाहतील, अध्यक्षपद पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीची पायरी होईल, नावडत्या शिक्षकामागे तक्रारींचा ससेमिरा लागेल; एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेला तर याचा त्रास अधिक. हे होते. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो, हेही होते. पण राजकारण आज शाळेत नाही असे कोण म्हणेल? बदलीसाठीची चिठ्ठी, बांधकामाचा ठेकेदार, पोषण आहाराच्या मदतनिसाची नेमणूक, यांत ते आहेच, फक्त वहीत नोंदले जात नाही. उघड सभेत मांडलेली तक्रार नोंदली जाते, तिला उत्तर देता येते. पारावर केलेल्या बदनामीला शिक्षक उत्तर कुठे देणार? शिवाय शिक्षकाची बदली किंवा शिक्षा हा समितीचा अधिकार नाही आणि तो नसावाच. चौथीच्या गणिताची पद्धत कोणती असावी हे ठरवण्याचा आव पालकांनी आणू नये, आणि शाळा उघडते किती वाजता हे विचारण्यापासून शिक्षकांनी त्यांना अडवू नये. ही सीमा पाळायला अवघड असली तरी दिसायला अस्पष्ट नाही. ‘अशिक्षित पालकांना काय कळते’ हा आक्षेप इथेच निकालात निघतो. तांदूळ किती आला, नळाला पाणी आहे का, फडावरून परतलेल्या मुलाला वर्गात बसवून घेतले का, हे कळायला पदवी लागत नाही. भाषेचा अडसर मात्र खरा आहे. उमरगा-तुळजापूर भागातल्या तांड्यावर सभा बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत झाली आणि इतिवृत्त मराठीत लिहिले गेले तर काही बिघडणार नाही.

तिसरी अडचण मला यांपेक्षा मोठी वाटते आणि तिला सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचे मूल आता त्या शाळेत नाही. ते पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाच्या शाळेला जाते. समितीत तीन-चतुर्थांश जागा त्या शाळेतल्या मुलांच्या पालकांना असल्याने समिती आपोआप गावातल्या कमी जोराच्या माणसांची होते. एका अर्थी हे न्याय्यच आहे, पण तालुक्याच्या कार्यालयात त्यांचे कोण ऐकणार? पट घसरला की पुढचा प्रश्न शाळा टिकण्याचाच येतो. २०२३ मध्ये शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांना जवळच्या समूह शाळेत नेण्याचे प्रस्ताव मागवले तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा असल्याचे सांगितले गेले. त्यांत १,८५,४६७ मुले होती. वस्तीवरच्या शाळेचे भवितव्य ठरवताना त्या वस्तीच्या समितीचे मत मागवून, कारणांसहित त्याला उत्तर देऊनच पुढे जायचे, एवढी किमान शिस्त पाळली जायला हवी होती. पानशेतच्या समूह शाळेचा नमुना सगळीकडे चालेल की नाही हे ओढा ओलांडून येणाऱ्या सात वर्षांच्या मुलीच्या आईइतके कुणाला माहीत असणार?

वजनाचा प्रश्न वरच्या बाजूनेही आहे. जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिचा सभापती असतो. गावच्या समितीचा ठराव तिथवर गेला तर निवडून आलेल्या माणसाला उत्तर द्यावे लागते. पण मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकाच झाल्या नाहीत, कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात ठरावाला वर कान नव्हता. दुसरीकडे जिल्ह्याची माहिती मात्र सतत वर जात राहिली. २०१८ पासून हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. महाराष्ट्रात असे चारच. ४९ निर्देशकांवर त्याचे गुण मोजले जातात, त्यांत शिक्षणाचा वाटा ३० टक्के, आणि मुलींसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह हाही त्यातला एक निर्देशक. दिल्लीतल्या पडद्यावर जिल्ह्याचा क्रम दिसतो. गावच्या स्वच्छतागृहाबद्दल काय भरून पाठवले आहे, हे त्या गावच्या सभेत वाचून दाखवले जात नाही. ते वाचले तर सभा पंधरा मिनिटांत जागी होईल, कारण स्वच्छतागृहाला कुलूप आहे की पाणी, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत असते.

विषयपत्रिका आधी कळणे ही यातली सर्वांत स्वस्त सुधारणा. अमेरिकेत स्कूल बोर्डाच्या सभांना नागरिक येतात, बोलतात, कधी कधी आरडाओरडाही करतात. त्याचे कौतुक किंवा भीती आपल्याकडे बातम्यांतून पोचते. त्यामागचा कंटाळवाणा नियम मात्र पोचत नाही. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन कायद्याप्रमाणे नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर लावावी लागते, आणि मोजके अपवाद सोडले तर तिच्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. आपल्या ‘ऐनवेळी येणाऱ्या विषयां’च्या हे अगदी उलट आहे, आपल्याकडे खर्चाचा ठराव तिथेच बसवायची सोय असते. तीन दिवस आधी शाळेच्या फळ्यावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर चार ओळी टाकायला मुख्याध्यापकाला पाच मिनिटे लागतात. दोनशिक्षकी शाळेत हेही ओझे वाटेल, आणि त्यांची बाजू खरी आहे : शाळेतल्या निरनिराळ्या समित्या इतक्या झाल्या होत्या की २०२५ साली शासनालाच त्या एकत्र करून चारवर आणाव्या लागल्या. पण ओझे कमी झालेच आहे तर उरलेली समिती तरी खरी चालावी.

तारीख मात्र बदलावी लागेल, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. त्या सुमारास ऊसतोडीची बहुतेक कुटुंबे अजून गावात असतात, हंगामी वसतिगृहाची यादी करायला ती शेवटची सोयीची वेळ असते, आणि डिसेंबरअखेरच्या आराखड्याला अजून तीन महिने असतात. शाळेचा आराखडा, आदल्या वर्षीच्या अनुदानाचा हिशेब आणि शाळेने वर पाठवलेली माहिती या तीन गोष्टी त्या ग्रामसभेत वाचल्या, त्यावर ठराव झाला आणि तो समितीच्या ठरावासोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला, तर समितीच्या मागे सगळे गाव उभे राहते. ज्याचे मूल पिवळ्या बसने जाते तोही त्या सभेत बसलेला असतो. ग्रामपंचायतीचा एक सदस्य समितीवर आधीच आहे, तो दुवा वापरायचा. उरते ते उत्तर. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने प्रत्येक ठरावाला ‘मंजूर’, ‘नामंजूर, कारण अमुक’ किंवा ‘निधी नाही’ एवढे तरी लेखी कळवावे आणि ते केंद्रप्रमुखाने पुढच्या सभेत वाचून दाखवावे. ‘निधी नाही’ हेही उत्तरच आहे. ते घेऊन पालक आमदाराकडे जाऊ शकतात, सभापतीकडे जाऊ शकतात. ग्रामसभेत आधीच घरकुल, रोजगार हमी, पाणीपट्टी अशी विषयांची गर्दी असते आणि शाळेचा क्रमांक लागेपर्यंत लोक उठून जातात, ही अडचण राहतेच. त्यावर शाळेचा विषय पहिला घ्यावा, आणि ग्रामसभेच्या आधी जी महिलांची सभा घ्यायची असते तिच्यात तो आधी मांडून घ्यावा. तिथे नवऱ्याला बायकोच्या खुर्चीवर बसता येत नाही.